नवीन रंगावर दाणे आणि ओघळ: पॉलिशने जाईल की परत रंगवून घ्यावं?

सातारी_स्टिअरिंग:
मंडळी, सल्ला हवाय. मागून टेम्पोने ठोकलं म्हणून डिकी, मागचा डावा दरवाजा आणि त्यामागचा पत्रा विम्यात रंगवून घेतला. गाडी गडद निळी, मेटॅलिक. संध्याकाळी ताब्यात घेतली तेव्हा झकास दिसत होती. सकाळी उन्हात काढली आणि डोकं फिरलं. डिकीवर हात फिरवला की खरखर लागते, हँडलखाली नखाएवढा ओघळ आहे, आणि दरवाज्यात ट्यूबलाइट बघितली तर तिच्या कडा थरथरल्यासारख्या दिसतात. गॅरेजवाला म्हणतो, 'दोन वॉश झाले की बसेल.' मेहुणा म्हणतो, रबिंग कंपाउंड आण आणि घास. काय करू?

बूथमधला_बाप्या:
वॉशने काहीही बसत नाही, ते सोडून द्या.

आधी दोष कुठल्या थरात आहे ते बघा. तुमच्या गाडीला खाली निळा बेस आणि वर पारदर्शक क्लिअर आहे. दाणा म्हणजे क्लिअर ओला असताना बसलेली धूळ. ओघळ म्हणजे एका जागी जास्त पडलेला क्लिअर. ट्यूबलाइट थरथरते ती संत्र्याच्या सालीसारख्या पोतामुळे. हे तिन्ही वरच्या थरात असतील तर पेपर मारून आणि बफिंग (मशीनच्या पॅडने पॉलिश) करून निघतात. पण मेटॅलिकमध्ये ढगाळ पट्टे दिसत असतील, शेड शेजारच्या पत्र्याशी जुळत नसेल किंवा लांबीच्या (रंगाआधी खळगे भरायच्या पुटीच्या) कडा वर उमटल्या असतील, तर कितीही घासा, उपयोग नाही. तो पत्रा परतच मारावा लागतो. टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतील तर तीही याच यादीत. थिनर आत अडकून फुटल्याची ती खूण, आणि घासलं की नवीन भोकं उघडतात.

दाण्यांना २००० नंबरचा वॉटर पेपर छोट्या कडक ब्लॉकवर लावून, पाण्यात शाम्पूचा थेंब टाकून, फक्त दाण्यापुरता मारायचा. नंतर ३०००, मग कंपाउंड, मग फिनिशिंग पॉलिश. मधेमधे पुसून कोरडं करून बघा: उंच भाग धुरकट होतो, खळगा चमकत राहतो. चमकणारा ठिपका दिसला म्हणून तिथेच दाबून घासू नका.

कोपऱ्यावरचा_गणू:
बाप्यांचं शास्त्र बरोबर आहे, पण सातारीदादा, तुम्ही स्वतः हात लावू नका. एकदा पेपर मारलात की गॅरेजवाला म्हणणार, 'साहेबांनीच बिघडवलं.' उन्हात तिरप्या कोनातून फोटो काढा, दोष असेल तिथे मास्किंग टेपचे तुकडे चिकटवा आणि आधी सर्व्हिस अॅडव्हायझरला लेखी कळवा. विम्याच्या समाधानपत्रावर सही केली असली तरी खराब कामाची जबाबदारी झटकता येत नाही.

बूथमधला_बाप्या:
गणूशी सहमत. ओघळ तर घरी करूच नये. तिथे क्लिअर जाड असतो, आत मऊ राहतो. घाईने घासलं तर गोळा होऊन उचकटतो. आमच्याकडे ओघळावर आणि आजूबाजूला पातळ लांबी ओढतात, वाळली की ब्लॉकने पेपर मारतात. लांबीमुळे भोवतालचा क्लिअर वाचतो आणि आधी उंचवटाच कापला जातो.

रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोजायचं यंत्र गॅरेजात असेल तर आधी आकडे घ्या. क्लिअर साधारण ४० ते ६० मायक्रॉनच असतो. कडा आणि घडीच्या रेषांवर त्याहून पातळ, म्हणून तिथे टेप लावल्याशिवाय मशीन फिरवायचं नाही. तुमच्या रंगात पॅडवर निळा उतरायला लागला तर थांबा, क्लिअर संपलाय. पांढरट लगदा येतो तोवर ठीक.

रत्नागिरीहून_रेवा:
थोडा वेगळा प्रश्न. आमच्याकडे पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये रंगवतात, त्याचं काय?

बूथमधला_बाप्या:
टाळता आलं तर टाळा, ताई. टू-के क्लिअरमधला (दोन भाग मिसळून मारायचा तो) हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारा भाग, ओलाव्याशी भांडतो. बुडबुडे येतात, चकाकी मरते. कॉम्प्रेसरच्या नळीला पाणी गाळणारा फिल्टर नसेल तर आणखी वाईट.

सातारी_स्टिअरिंग:
गॅरेजला फोटो पाठवले. सुपरवायझर लगेच नरमला, दाणे आणि ओघळ काढून देतो म्हणाला. शिवाय 'दरवाजा आपण एकदम सपाट करून देऊ, वर सिरॅमिक कोटिंग टाका' अशी ऑफर.

बूथमधला_बाप्या:
दोन्हीला नाही म्हणा. कंपनीच्या रंगालाही थोडी साल असतेच. पुढचा दरवाजा आहे तसा राहणार, मागचा सपाट केला तर उन्हात जोडाजोड कळेल. शेजारच्या पोताशी जुळेल एवढंच घासायला सांगा.

कोटिंग किंवा मेण आत्ता नको. भट्टीत ६० अंशांना भाजलेला रंग थंड झाला की पॉलिश होतो, पण आतला थिनर हळूहळू निघतच असतो. हवेवर सुकवला असेल तर आणखी वेळ लागतो. महिना-दोन महिने उघडा राहू द्या.

कोपऱ्यावरचा_गणू:
आणि तोवर पंपावरच्या फिरत्या ब्रशच्या वॉशला घालू नका. दोन बादल्या, मऊ मिट (धुवायचा हातमोजा), सावलीत. पक्ष्यांची शिट दिसली की लगेच ओल्या कापडाने उचला, कोरडी घासू नका. डिलिव्हरी परत घ्यायला जाल तेव्हा मात्र सकाळी जा. ट्यूबलाइटखाली सगळ्याच गाड्या गोंडस दिसतात.