'शार्पनेस'साठी शब्द: तीक्ष्णता, सुस्पष्टता की विभेदन?

प्रश्न: लेन्सच्या चाचणीवरील एका लेखाचा अनुवाद तपासताना 'शार्पनेस' आणि 'रिझोल्यूशन' या दोन्हींसाठी सर्वत्र 'तीक्ष्णता' हाच शब्द योजलेला आढळला. तो आपणांस योग्य वाटतो का?

प्रतिसाद: नाही. तीक्ष्ण नजर, तीक्ष्ण बुद्धी, तीक्ष्ण शस्त्र या प्रयोगांत तीक्ष्णपणा भेदणाऱ्याचा असतो. त्यामुळे लेन्सला एक वेळ तीक्ष्ण म्हणता येईल, पण 'तीक्ष्ण छायाचित्र' कानाला खटकते. मोठी अडचण अशी की येथे दोन निराळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या जातात.

अमेरिकी हवाई दलाच्या 1951 च्या चाचणी-तक्त्यावर तीन-तीन पट्ट्यांचे आडवे व उभे संच असतात. ते पायरीपायरीने बारीक होत जातात आणि दर सहा पायऱ्यांनी दुप्पट दाट होतात. या तक्त्याचे छायाचित्र मोठे करून पाहिले, तर सुरुवातीचे पट्टे काळेभोर दिसतात, पुढे ते फिकट होत जातात आणि अखेर तिन्ही मिळून एकच करडा डाग उरतो. जेथवर तीन पट्टे सुटे मोजता येतात, तेथवर त्या कॅमेऱ्याचे 'विभेदन', म्हणजे रिझोल्यूशन. पट्ट्यांच्या कडा किती ठसठशीत उमटल्या आहेत, ती 'सुस्पष्टता', म्हणजे शार्पनेस. संगणकावर 'शार्पनिंग' केल्याने कडांना उठाव येतो, परंतु एकमेकांत मिसळून गेलेले पट्टे त्याने सुटे होत नाहीत. मर्यादेपलीकडच्या एखाद्या संचात तर कधी कधी तीनाऐवजी दोनच पट्टे दिसतात, आणि तेही चांगले ठसठशीत. हे चित्र सुस्पष्ट असूनही खोटे आहे. हा एक दाखला दोन शब्द वेगळे ठेवण्यास पुरेसा आहे, असे मला मनापासून वाटते.

सूक्ष्मदर्शक आणि दुर्बीण यांच्या संदर्भात 'विभेदनक्षमता' मराठीत रुळलेला आहेच. तोच येथे घ्यावा. मात्र पिक्सेलच्या संख्येला 'विभेदन' म्हणू नये. 36 मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर 6000 पिक्सेल असतील, तर दर मिलिमीटरला सुमारे 167 पिक्सेल येतात, आणि एक काळी व एक पांढरी रेषा टिपण्यास किमान दोन पिक्सेल लागत असल्यामुळे जास्तीत जास्त 83 जोड्या सुट्या दिसू शकतात. लेन्स सुमार असेल तर त्याहूनही कमी. म्हणूनच 'रेषा' आणि 'रेषाजोडी' यांत गफलत होऊ देऊ नये, कारण तेवढ्याने आकडा थेट दुप्पट होतो.

प्रश्न: विवेचन पटले, पण 'विभेदन करते' हे क्रियापद वाक्यात फार जड होते. त्याला पर्याय आहे का?

प्रतिसाद: आहे. नाम पारिभाषिक ठेवावे, क्रियापद बोलीतले घ्यावे: 'ही लेन्स मध्यभागी दर मिलिमीटरला 60 रेषाजोड्या सुट्या दाखवते, कोपऱ्यात मात्र 40 नंतर रेषा मिसळतात.'