पंधरा रुपयांचा सातबारा आणि माझे 63 आर

बांधकरी: काल इथे एका साहेबांनी लिहिलं की डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मोबाइलवर मिळतो, तरी ज्यांचं रडगाणं थांबत नाही ते आळशी. डोकं फिरलं म्हणून लिहितोय.

आमचा गट 1.62 हेक्टर, वडील आणि काका निम्मेनिम्मे. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर वडिलांपुढे 0.81, म्हणजे 81 आर. संगणकात भरताना झालं 0.18. बस, आकडे उलटले. जमीन महसूल कायद्याच्या कलम 155 खाली दुरुस्तीचा अर्ज देऊन चौदा महिने झाले. दर खेपेला टेबलावर नवा माणूस, आणि तो म्हणतो जुना फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, आणा. रेकॉर्ड रूममधून रजिस्टर काढलं तर पानं एकमेकांना चिकटलेली, आणि आमच्या नोंदीच्या नेमक्या आकड्यावर वाळवीचं भोक. सोसायटी पीककर्ज देते ते अठरा आरवर. आता त्या चुकीवर सरकारची डिजिटल सही आहे, एवढीच काय ती प्रगती.

क्लाउडराव: ते साहेब मीच. एका चुकीवरून अख्खी यंत्रणा मोडीत काढू नका. पूर्वी उताऱ्यासाठी तलाठी कुठल्या गावात आहे इथपासून शोध असायचा. वारस नोंदीचा अर्जही आता ई-हक्क या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या होतो.

बांधकरी: अर्ज होतो. नोंद होते का?

सजावाले अण्णा: बावीस वर्षं तलाठी होतो, म्हणून बोलतो. दिवसा सर्व्हर चालायचा नाही. रात्री दोनला उठून, स्वतःच्या लॅपटॉपवर चार गावांचे सातबारे भरलेत. त्यात 81 चे 18 होणारच. म्हणून तर रि-एडिटच्या वेळी, म्हणजे भरलेलं पुन्हा तपासताना, चावडी वाचन ठेवलं होतं, सगळ्या गावासमोर उतारे वाचून दाखवायला. दवंडी दिली. आले किती? सात माणसं, त्यातले तीन चहासाठी. तुम्ही होतात का?

दुसरं. खातेदारांची बेरीज गटाच्या क्षेत्राशी जुळली नाही तर सातबारा विसंगत निघतो, सही अडते. तुमच्यावर सही आहे म्हणता. मग ते 63 आर हवेत गेलेले नाहीत. काकांचं क्षेत्र बघितलंत?

बांधकरी: चावडी वाचनाला नव्हतो, वडील दवाखान्यात होते. काकांचं बघतो.

दापोलीकर: 63 आरसाठी एवढं? आमच्या एका सातबाऱ्यावर 47 नावं आहेत. निम्मे वर गेलेत, उरलेले मुंबईत. आंब्याची चार कलमं लावायची तर संमती कोणाकोणाची घ्यायची? मोजणी मागवली तर हद्दीपेक्षा जास्त भाऊबंद उभे.

सुमन: बांधकरी, वडील-काकांच्या नावाची ही वारस नोंद कधीची?

बांधकरी: आजोबा 1998 ला गेले. नोंद 2011 ला.

सजावाले अण्णा: कलम 149 प्रमाणे तीन महिन्यांत कळवायचं असतं. तेरा वर्षं! आणि नावं ठेवायची तलाठ्याला.

सुमन: नोंदीत फक्त वडील आणि काका? आत्या नाहीत?

बांधकरी: तीन आहेत. त्यांना नकोच होतं. विषय आकड्याचा आहे.

सुमन: विषय रेकॉर्ड बरोबर असण्याचा आहे ना? नको म्हणाल्या, की नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं?

पाटीलबुवा: झालं सुरू. लग्नं केली, बाळंतपणं केली, दिवाळीला साडी-चोळी चुकली नाही. आणि 1994 च्या आधी लग्न झालेल्या मुलींना हक्कच नव्हता, कायदा वाचा.

सुमन: वाचलाय, हिंदू वारसा कायदा. 1994 ची ती अट महाराष्ट्राच्या दुरुस्तीतली, मुलींना जन्माने मिळणाऱ्या हिश्श्यापुरती. वडील मृत्युपत्र न करता गेले तर त्यांच्या वाट्यात मुलगी 1956 पासून पहिल्या वर्गाची वारस आहे. 2005 च्या दुरुस्तीत 1994 ची अट राहिली नाही. 2020 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की 2005 ला वडील हयात असण्याचीही गरज नाही.

माझं सांगते. माझ्या सहीसाठी भाऊ रजिस्ट्रारच्या दारात रिक्षा थांबवून उभा होता. 'ताई, पटकन कर, मीटर चालू आहे.' केली सही. विहिरीवरच्या ज्या लिंबाखाली आम्ही वाढलो, तो तोडताना मला विचारलंही नाही.

पाटीलबुवा: मग सही कशाला केली? आता रडायचं इथे?

सुमन: माहेरचं दार उघडं राहावं म्हणून. तुमच्या बहिणीला विचारा.

पाटीलबुवा: घरच्यांवर घसरू नका.

क्लाउडराव: 'आळशी' हा शब्द मागे घेतो. पण बघा, इथे संगणक कुठे चुकला? नोंदच अर्धी दिली गेली.

बांधकरी: वा! म्हणजे 81 चे 18 आत्यांनी केले?

दापोलीकर: आमच्याकडे आत्या लावल्या तर 47 चे 90 होतील. मी गप्पच बसतो.

बांधकरी: अण्णा, तुमचंच खरं निघालं, घ्या. काकांचं क्षेत्र 1.44 आहे. पंधरा रुपये भरूनच काढला उतारा, हसा आता. काकांना दाखवला तर म्हणाले चष्मा सापडत नाही.

सजावाले अण्णा: त्यांचा संमतीचा जबाब मिळाला तर काम सोपं. आणि जुना सातबारा हाताने लिहिलेला आहे ना, त्याची नक्कल जोडा, फेरफाराच्या भोकावर अडू नका.

सुमन: आणि आत्यांच्या नावांचा अर्ज?

बांधकरी: आधी माझे 63 आर परत येऊ द्या.

दापोलीकर: म्हणजे आणखी तेरा वर्षं.