अर्धंच पटलं
"पैसे कंपनीला मोजलेत तर तिलाच विचारा, अनोळखी लोकांचं कशाला ऐकायचं?" लॅपटॉप बिघडला तर मदत कुणाकडे मागायची, यावरचं हे मत मला अर्धंच पटलं. माझा लॅपटॉप स्लीपमधून उठला की वायफाय गायब व्हायचं. कंपनीच्या माणसाने तीनदा रिस्टार्ट करायला लावलं, शेवटी म्हणे फॉरमॅट मारा. त्याचाही दोष नाही म्हणा, ठरलेल्या स्क्रिप्टबाहेर जायची त्याला मुभाच नसते. उबुंटू ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्या ऑनलाइन मंडळींनी मात्र पहिलाच प्रश्न टाकला, "डीमेसेज काय म्हणतंय?" डीमेसेज म्हणजे सिस्टिमच्या आतल्या घडामोडींची नोंद, म्हणजेच लॉग, दाखवणारी कमांड. तो लॉग दिला, वायफाय कार्डचं पॉवर सेव्हिंग बंद केलं, झालं काम. अर्थात मदरबोर्डच गेला तर ही मंडळी काय करणार? तिथे वॉरंटीच. आणि हो, 'सुडो'वाली, म्हणजे सिस्टिमवर पूर्ण अधिकार देणारी कमांड न समजता डकवू नका, गंमत म्हणून 'आरएम -आरएफ' ही न विचारता फाइली उडवणारी कमांड सांगणारे महाभागही भेटतात.