सोसायटीचे जुने उपविधी बदलताना: तुमचे अनुभव लिहा

आमची ठाण्यातली सोसायटी १९८४ सालची. नोंदणीच्या वेळी मंजूर झालेल्या टंकलिखित उपविधींवरच, म्हणजे सोसायटीच्या अंतर्गत नियमांवरच, आजवर कारभार चालला. त्यांत भाडेकरू ठेवायला समितीची पूर्वपरवानगी लागते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हॉस्पिटलात नोकरी करणाऱ्या दोन मुलींना घर द्यायचं ठरवलं आणि समितीने अर्ज फेटाळला. कारण काय, तर मुली अविवाहित. काकूंचा महिना त्या भाड्यावर निघतो. सरकारने नमुना म्हणून दिलेल्या २०१४ च्या आदर्श उपविधींत परवानगीची अट नाही, आठ दिवस आधी लेखी कळवलं की झालं. पण आम्ही ते स्वीकारलेलेच नाहीत! मग आम्ही काही जणांनी मनावर घेतलं. जुन्या आणि नव्या नियमांचा तुलनात्मक तक्ता तयार आहे, सभा व्हायची आहे. ज्यांनी हे काम तडीस नेलंय किंवा जे मध्येच अडकलेत, त्यांनी सविस्तर लिहा. कायद्याचं पुस्तक मिळतं, पण सभेत नेमकं काय होतं ते तुम्हीच सांगू शकता.

डोंबिवली, माजी सचिव

सभेची नोटीस पूर्ण चौदा दिवसांची द्या आणि मसुदा घरोघरी सही घेऊन पोचवा. ‘आम्हाला कागदच मिळाला नाही’ एवढ्या एका वाक्यावर सभा उधळते. हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश बाजूने हवेत. आणि सभेत टाळ्या वाजल्या म्हणजे उपविधी बदलले असं नाही. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १३ प्रमाणे निबंधकांनी (सहकार खात्याच्या अधिकाऱ्यांनी) दुरुस्ती नोंदवली की मगच ती लागू होते. आमचा प्रस्ताव उपनिबंधक कार्यालयातून परत आला, कारण इतिवृत्तात नुसतं ‘बहुमताने मंजूर’ लिहिलं होतं. किती बाजूने, किती विरोधात, हे हात मोजून तिथल्या तिथे लिहा. जुना मजकूर, नवा मजकूर आणि बदलाचं कारण असे तीन रकाने करा. कारणाचा रकाना बहुतेक जण मोकळा सोडतात आणि तिथेच शेरा येतो.

आम्ही सभेआधी रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून एकेक प्रकरण मोठ्याने वाचायचो. सगळ्यात जास्त आवाज पार्किंगच्याच नियमावर चढला. जागा अपुरी असेल तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकायच्या, हे ज्यांनी बिल्डरला वेगळे पैसे मोजले होते त्यांना पटेना. स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे. तो छापून वाटला, तेव्हा वाद निवळला.

चिंचवड, खजिनदार

माझा अनुभव पैशांचा आहे, म्हणून जरा लांबण लागेल. आमच्याकडे सगळं चौरस फुटावर आकारलं जायचं. आदर्श उपविधींत प्रत्येक बाबीची मोजणी वेगळी आहे. सेवाशुल्क आणि लिफ्टचा खर्च सर्वांना सारखा, पाण्याचे पैसे नळांच्या प्रमाणात, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के, सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) किमान ०.२५ टक्के. वॉचमन मोठ्या घराला जास्त वेळ राखत नाही, हे तत्त्व मला मान्य आहे. पण वन बीएचकेवाल्यांचं बिल वाढणार होतं आणि त्यात निवृत्त माणसं बरीच. म्हणून आम्ही आधी प्रत्येक घराचं जुनं आणि नवं नमुना बिल काढून हातात दिलं. आकडा दिसल्यावर माणूस शांतपणे बोलतो.

दुसरं म्हणजे ‘किमान’ या शब्दाकडे लक्ष द्या. जुन्या इमारतीत एका फ्लॅटचा बांधकाम खर्च दोन लाख धरला, तर दुरुस्ती निधी वर्षाला जेमतेम १५०० रुपये होतो. त्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंगसुद्धा होणार नाही. सर्वसाधारण सभेला जास्त दर ठरवता येतो, तो ठराव त्याच सभेत घेऊन टाका.

नाशिक

आमच्याकडे घर विकताना ‘ऐच्छिक देणगी’ म्हणून लाखभर रुपये मागायचे आणि न दिल्यास ना-हरकत पत्र अडवायचे. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे घर दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, २५,००० रुपयांच्या वर घेता येत नाही. आता मर्यादा उपविधींतच आहे, त्यामुळे कोणी मागायला धजत नाही.

मुलुंड

बाबा गेल्यावर नामनिर्देशन (नॉमिनी) भावाच्या नावावर निघालं आणि समितीने त्यालाच मालक धरून पत्रव्यवहार सुरू केला. आई त्याच घरात राहत होती, तिला कोणी विचारेना. २०१९ मध्ये अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्यानुसार वारसांची नावं लागेपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती तात्पुरती सदस्य असते. भाऊ समजूतदार, म्हणून निभावलं. पण ताई, तुमचा तक्ता फक्त २०१४ चा नमुना समोर ठेवून केला असेल तर हे त्यात नसेल. आधी तपासा. आईसारख्या बायकांना याचा फार मोठा आधार आहे.

कोथरूड

इथे एक गफलत नेहमी होते. आमची सोसायटी नाही, १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालचं अपार्टमेंट आहे. आमचा खर्च डीड ऑफ डिक्लरेशनमधल्या (इमारतीच्या नोंदणीकृत घोषणापत्रातल्या) अविभक्त हिश्शाच्या, म्हणजे सामायिक जागेतल्या प्रत्येकाच्या वाट्याच्या, टक्केवारीने वाटला जातो आणि ती टक्केवारी बदलायला सगळ्या मालकांची संमती लागते, दोन तृतीयांश पुरत नाहीत. दोन मालक परदेशात, एका फ्लॅटचा वारसांत वाद. आमचं घोडं तिथेच अडलंय. आपली इमारत कोणत्या कायद्याखाली नोंदली आहे, हे पहिल्या दिवशी पाहा.

ठाणे, धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. मुलुंडच्या ताई, तक्त्यात नामनिर्देशनाचा भाग खरंच जुनाच राहिला होता, तो उद्या दुरुस्त करते. चिंचवडच्या दादांसारखी नमुना बिलंही नोटिशीसोबत देणार आहोत. सचिवकाका, एक विचारायचं होतं: तुमच्याकडे मतदान अख्ख्या मसुद्यावर एकदम घेतलं की प्रकरणवार? आमच्या पार्किंगच्या नियमाला विरोध होणार हे दिसतंय आणि त्यापायी बाकीचा मसुदा पडायला नको.

डोंबिवली, माजी सचिव

प्रकरणवार घ्या. प्रत्येक प्रकरणाचा वेगळा ठराव, वेगळे आकडे. पार्किंग शेवटी ठेवा.