दुबईत आपलं सिम रोमिंगवर असलं तर फोन कायदेशीर ऐकायचा कुणी? तिकडच्यांनी का आपल्यांनी?

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड
आमचा एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे, मोठा भाऊ ऑर्डरसाठी दुबईला गेलता. हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप कॉल काही केल्या लागेना, पण वायफाय बंद करून इकडच्याच सिमच्या रोमिंगवर आला की सोलापुरातल्या सात रस्त्यावरनं बोलल्यासारखा क्लिअर. असं कसं काय ओ? आणि त्यावरनं डोक्यात किडा आला, असल्या फिरत्या माणसाचा फोन कोर्टाची ऑर्डर काढून ऐकायचा म्हटलं तर ऐकणार कोण?

पार्कचौक_ते_पुणे
टेलिकॉममधेच आहे, सांगतो. रोमिंगमधे डेटा बहुतेक वेळा होम राउटेड असतो. म्हणजे दुबईचा टॉवर नुसता हमाल, पोतं उचलून टनेलमधनं भारतातल्या गेटवेवर (इंटरनेटकडं जायच्या दारावर) आणून टाकतो आणि ते तिथंच सुटतं, इंटरनेटवर बाहेर पडतं ते भारताच्या आयपीवरनं. त्यांच्याकडची इंटरनेट कॉलिंगवरची बंदी त्यांच्या गेटवेवर, तुझा भाऊ तिथनं गेलाच नाही. म्हणून डेटा धरायचा तर आपल्या कंपनीकडं सोपं.

साध्या २जी-३जी कॉलचं मात्र उलटं. भावानं तिथनं दुबईचाच नंबर लावला तर कॉल तिकडच्या स्विचवरच जुळतो, आवाज भारतात येतच नाही. आपल्या कंपनीला नंतर नुसती नोंद येते, फ्रॉड पकडायला जी लवकरची नोंद पाठवतात तिला पण ४ तासांची मुदत. त्याला येणारा कॉल तेवढा आधी भारतात येऊन तिकडं वळतो, तो इथं धरता येतो.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड
म्हणजे एकच फोन, अर्धा त्यांच्याकडं अर्धा आपल्याकडं? अवघडच की बे.

काळाकोट_सोलापूर
पहिलं म्हणजे कोर्टाची ऑर्डर नाही हो. आपल्याकडं केंद्राचा नाहीतर राज्याचा गृहसचिव आदेश देतो. आधी १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याचं कलम ५(२) होतं, आता २०२३ चा दूरसंचार कायदा आणि त्याखालचे डिसेंबर २०२४ चे नियम. एक आदेश ६० दिवस, वाढवून वाढवून १८०. पण तो चालतो इथल्या कंपन्यांवर. दुबईच्या कंपनीला आपल्या गृहसचिवाचं पत्र म्हणजे लग्नपत्रिका, आलं तर आलं. तिथं सरकारमार्फतच जावं लागतं. यूएईशी फौजदारी कामात मदतीचा करार १९९९ पासून आहे, पण त्या कागदाला टेबलं फिरायला जो वेळ लागतो त्यात आपले ६० दिवस कधीच उडाले.

गड्ड्यावरचा_पाळणा
व्हॉट्सअ‍ॅप एन्क्रिप्टेड आहे ना, मग धरून तरी काय ऐकणार? उगं चर्चा करलालाव.

पार्कचौक_ते_पुणे
@गड्ड्यावरचा बोलणं नाही कळणार, बरोबर. पण कधी, किती वेळ, कुठल्या टॉवरखाली एवढ्यावर बऱ्याच केसा उभ्या राहतात. आणि टॉवर माहितीय तिकडच्यांना.

खरी गंमत व्होल्टीनं, म्हणजे ४जीवरच्या कॉलनं केलीय. त्यातली एस८एचआर पद्धत वापरली तर आवाज पण डेटासारखाच टनेलमधनं घरी. आता उलटं बघ, कुणी जर्मन पाहुणा सिद्धेश्वराच्या यात्रेला आला आणि त्याचा कॉल असा गेला तर इथल्या कंपनीला नुसती पाकिटं जाताना दिसणार, कुणाला लावला तेसुद्धा सरळ कळणार नाही. फोन आणि त्याच्या घरच्या नेटवर्कमधलं सिग्नलिंग (कॉल जुळवायचे निरोप) एन्क्रिप्ट असलं तर विषयच संपला. म्हणून अशा रोमिंगमधे ते एन्क्रिप्शन बंद ठेवायला लावतात आणि ३जीपीपीनं (मोबाईलची मानकं ठरवणारी संस्था) आपल्या मानकांच्या रिलीज १४ मधे, पाहुणा जिथं आलाय तिथल्या नेटवर्कनं मधूनच आवाज वेगळा कसा काढायचा ते घातलं. मला विचारशील तर हे जुगाडच आहे, एकाला ऐकायचंय म्हणून सगळ्याच पाहुण्यांची कडी काढून ठेवायची. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांनी २०२२ मधे ३जी बंद केलं, त्यामुळं जुन्या वाटेनं कॉल न्यायची सोय पण तिथं फारशी उरली नाही.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड
भारीच. भाऊ पुढच्या महिन्यात परत जातोय, कुणीतरी स्वस्तातलं ट्रॅव्हल ई-सिम घे म्हणून सांगितलंय. घेऊ का?

पार्कचौक_ते_पुणे
घे, पण त्याचा आयपी भलत्याच तिसऱ्या देशातला निघू शकतो, बँकेचं अ‍ॅप अडलं तर बोंबलू नको. आणि जुनं सिम काढू नको म्हणावं, ओटीपी त्याच्यावरच येणार.