विषय: पुण्यातल्या शेरूचं कच्चं चिकन – सल्ला हवा

अभय, मेलबर्न:

मंडळी, नमस्कार.

विषय मंडळाचा नाही, संयोजकांनी एवढ्यापुरतं चालवून घ्यावं. कोथरूडला आई-बाबांकडे शेरू आहे, नऊ वर्षांचा लॅब्रेडोर. इथे आमच्या कुत्रीला मी कच्चं मांस देतो, तिचे केस तुकतुकीत झाले म्हणून फोनवरून बाबांनाही तेच सुरू करायला लावलं. आता बाबा सकाळी फिरून येताना चिकनच्या माना आणि पाय आणतात. रविवारी मटणवाला फोपसा, म्हणजे बकऱ्याचं फुप्फुस, फुकटात देतो. गेल्या आठवड्यात शेरू दोन दिवस नुसता कुंथत होता आणि शी खडूसारखी पांढरी. त्यात आईला संधिवातासाठी स्टेरॉइड चालू आहे, हे माझ्या डोक्यात उशिरा आलं. थांबवावं का? बाबा म्हणतात, “तूच सांगितलंस ना?”

मिलिंद:

अभय, उगाच घाबरतोयस. लांडगा काय कुकर लावतो? टोचतं ते शिजवलेलं हाड, कच्चं नाही. आणि तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवलं की जंतू मरतात. आमचा बोका सोडून घरात सगळे खूश आहेत.

सुचेता, पुणे:

अभय, मी परत येऊन सहा वर्षं झाली तरी मंडळाच्या मेल-यादीवरून नाव काढलेलं नाही, ते अशाच मेलसाठी. तिकडे जाण्याआधी मी इथे जनावरांची डॉक्टर होते.

मिलिंदा, लांडग्याची थाळी कोणाच्या आईच्या सिंकमध्ये विसळली जात नाही रे. शिजवलेल्या हाडाच्या टोकदार ढलप्या होतात हे तुझं बरोबर. पण कच्च्या हाडानेही दाढ उभी चिरते, तुकडा घशात किंवा आतड्यात अडकतो. पांढरी शी म्हणजे पोटात हाडांचा चुरा जास्त झालाय. पुन्हा कुंथायला लागला किंवा उलट्या झाल्या, तर एरंडेल वगैरे पाजत बसू नका, त्याच दिवशी एक्स-रे काढा.

फ्रीझरचं अर्धंच खरं आहे. काही कृमी मरतात, पण साल्मोनेलासारखे पोट बिघडवणारे जंतू मरत नाहीत, नुसते गारठून बसतात. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात पाळीव प्राण्यांच्या कच्च्या खाद्याचे १९६ नमुने तपासले. १५ मध्ये साल्मोनेला, ३२ मध्ये लिस्टेरिया हा आणखी एक घातक जंतू. तेही पाकीटबंद माल! आपल्याकडे मान कोणत्या ओंडक्यावर तुटली आणि काळ्या पिशवीत उन्हातून किती वेळ आली, ते बाबांनाच विचार. आणि अभय, तुमच्याच मेलबर्न विद्यापीठाने २०१८ मध्ये कच्च्या चिकनचा, विशेषतः मानांचा, कुत्र्यांच्या एका लकव्याशी संबंध दाखवलाय. मागच्या पायांपासून सुरू होतो तो.

पण मला शेरूपेक्षा तुझ्या आईची काळजी आहे. शेरू ठणठणीत दिसेल आणि तरी त्याच्या शीतून, लाळेतून साल्मोनेला बाहेर पडत राहील. बाबा पिशवी ओट्यावर ठेवतात, खालून गुलाबी पाणी पाझरतं, ते फडक्याने पुसतात, आणि त्याच फडक्यावर आई कोथिंबीर निथळत ठेवते. मी पाहिलेलं नाही, पण पैज लावते. स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती कमी होते, अशा बाईला साधे जुलाबही महागात पडतात. त्यात माना धुवायच्या म्हणून नळाखाली धरल्या की शिंतोडे आणखी लांब जातात.

फोपसा तर आजच बंद करा. शेळ्या-मेंढ्यांच्या फुप्फुसात, काळजात कधीकधी पाण्याने भरलेले फुगे असतात. ते कच्चे खाल्ले की कुत्र्याच्या आतड्यात काही मिलिमीटरचा पट्टकृमी वाढतो. कुत्र्याला काहीच होत नाही. त्याची अंडी शीतून पडतात, केसांना चिकटतात आणि कुरवाळणाऱ्याच्या हातावरून तोंडात जातात. मग माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात तसाच फुगा वर्षानुवर्षं मुकाट वाढतो. शेरूला प्राझिक्वांटेल असलेली गोळी डॉक्टरांना विचारून द्या. जंताचं प्रत्येक औषध यावर चालत नाही.

बिनहाडाचं चिकन पूर्ण शिजवून भात आणि लाल भोपळ्यात कालवा. कांदा-लसूण अजिबात नको. हाड बंद झालं की कॅल्शियम कमी पडतं, ते किती द्यायचं हे डॉक्टर वजन करून सांगतील.

अभय:

सुचेताताई, पैज जिंकलात. फडकं तेच निघालं, कोथिंबिरीच्या जागी कढीपत्ता होता. एक्स-रे काढला, आतडं मोकळं आहे, पण वरची एक दाढ चिरली आहे, ती काढावी लागेल. आईने शेरूसाठी वेगळा कुकर काढलाय. बाबा मटणवाल्याला फोपसा नको म्हणाले तर तो म्हणाला, “काका, मग बाहेरच्या कुत्र्यांना टाकतो.” त्यावरून दोघांचं वाजलं. बाबा आता तिथून मटण आणत नाहीत.

आमच्या कुत्रीचं मात्र अजून घरात ठरत नाहीये.