घरी वापरायचे ब्रेथ अ‍ॅनालायझर: सेमीकंडक्टरचे घ्यावे की फ्युएल सेलचे?

सिंहगडरोडवासी

माझे यजमान 54 वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे. व्यसनमुक्ती केंद्रातून उपचार घेऊन ते घरी आले, त्याला आता आठ महिने झाले. रोज सकाळी गाडी काढण्यापूर्वी श्वासातले मद्य मोजणाऱ्या यंत्रात फुंकायचे, हे त्यांनी स्वतःच ठरवले आणि त्यासाठी आम्ही 850 रुपयांचे एक छोटे यंत्र ऑनलाइन मागवले. आजवर त्यावर शून्यच येत असे. परवा मात्र, एकादशीच्या उपवासानंतर द्वादशीला सकाळी, पोटात काही जाण्यापूर्वी त्यांनी फुंकले आणि 0.02 असा आकडा आला. आपण थेंबही घेतलेला नाही, असे त्यांनी सांगितले. माझा विश्वास आहे, असे मी म्हणाले खरी, पण दिवसभर माझे मन थाऱ्यावर नव्हते आणि ते त्यांना कळल्यावाचून राहिले नाही. असे यंत्र चुकू शकते का? चुकत असेल, तर घरासाठी कोणत्या प्रकारचे घ्यावे?

भोसरी_उपकरणे

ताई, चुकू शकते, आणि तुम्ही सांगितलेल्या परिस्थितीत तर चुकण्याची शक्यता बरीच आहे. या किमतीच्या यंत्रांत बहुधा टिन ऑक्साइडचा सेमीकंडक्टर सेन्सर असतो. तो तापवला जातो आणि त्याच्यापाशी ज्वलनशील वाफ आली की त्याचा विद्युतरोध बदलतो. मात्र ती वाफ मद्याची, अ‍ॅसिटोनची की हाताला लावलेल्या सॅनिटायझरची, हे त्याला ओळखता येत नाही. उपाशी माणसाच्या, विशेषतः मधुमेही माणसाच्या, श्वासात अ‍ॅसिटोन वाढते.

फ्युएल सेलच्या यंत्रात प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर मद्याचे ऑक्सिडेशन होऊन वीजप्रवाह निर्माण होतो आणि तोच मोजला जातो. अ‍ॅसिटोनची त्यावर जवळपास काहीच क्रिया होत नाही. म्हणून तुमच्या घरासाठी माझे मत निःसंशय फ्युएल सेलच्या बाजूने आहे, जरी त्याला काही हजार रुपये मोजावे लागले तरी. घेताना आत पंप आहे का, म्हणजे यंत्र श्वासाच्या शेवटच्या भागातला ठरावीक नमुना स्वतः ओढून घेते का, हे पाहा. युरोपात सामान्य ग्राहकांच्या यंत्रांसाठी ईएन 16280 हे मानक आहे. माहितीपत्रकात त्याचा उल्लेख असल्यास चांगलेच.

एकक मात्र नीट समजून घ्या, कारण तिथे अनेकांची गफलत होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 प्रमाणे मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. तेच प्रमाण एका यंत्रावर 0.03 टक्के, दुसऱ्यावर 0.3 प्रति हजार आणि श्वासाच्या हिशेबाने दर लिटरला सुमारे 0.14 मिलिग्रॅम असे दिसते.

आणि कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राचे माप ज्ञात प्रमाणाशी पुन्हा जुळवून घेणे! कोणत्याही सेन्सरचे माप काळानुसार सरकते, त्यामुळे सहा महिन्यांनी किंवा वर्षाने, जसे उत्पादकाने सांगितले असेल तसे, ते करून घ्यावे लागते. ती सोय पुण्यात कुठे आहे हे विक्रेत्याला आधी विचारा आणि नीट उत्तर मिळाले नाही, तर ते यंत्र कितीही चांगले असले तरी घेऊ नका.

औषधदुकान_सदाशिवपेठ

वरील माहिती योग्य आहे, पण एक पुस्ती जोडतो. दीर्घ उपवासात शरीर काही अ‍ॅसिटोनचे आयसोप्रोपेनॉल (हेही एक प्रकारचे अल्कोहोलच) बनवू शकते आणि त्याला फ्युएल सेलही प्रतिसाद देतो. असे क्वचित घडते, तरी महागडे यंत्र म्हणजे अंतिम निवाडा असे समजू नये.

मला यंत्रापेक्षा तुमच्या यजमानांच्या प्रकृतीची काळजी अधिक वाटते. मधुमेहात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ, अ‍ॅसिटोन त्यांतलेच) वाढणे हा स्वतंत्र इशारा असू शकतो. मधुमेहावरचे डापाग्लिफ्लोझिन किंवा त्याच्या गटातले औषध चालू असेल, तर उपवास करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणे अत्यावश्यक आहे. पुन्हा असा आकडा आला, तर रक्तातील साखर आणि कीटोन दोन्ही तपासा. शिवाय द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांसारख्या आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेले मद्य असतेच, तसेच अनेक होमिओपॅथीच्या थेंबांतही असते. ती औषधे घरात कोणी देत असेल, तर केवळ आकड्यासाठी नव्हे, त्यांच्या व्यसनमुक्तीसाठीही ती थांबवावीत.

वारज्याची_सुमन

ताई, मी या वाटेवरून गेले आहे, म्हणून यंत्राबद्दल थोडे आणि वापराबद्दल अधिक लिहिते. आमच्याकडे नियम असा आहे की काही खाल्ल्या-प्यायल्यावर किंवा माउथवॉश वापरल्यावर पंधरा मिनिटे थांबायचे आणि मगच फुंकायचे. शून्याहून वेगळा आकडा आला, तर कोणीही एक शब्द बोलायचा नाही. पाण्याने चूळ भरून, वीस मिनिटांनी उघड्या गॅलरीत पुन्हा फुंकायचे आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे. रक्तातले मद्य दर 100 मिलिलिटरमागे ताशी साधारण 15 मिलिग्रॅमच्या गतीने कमी होते, म्हणून वीस मिनिटांत खरे मद्य फारसे हलत नाही, तोंडात राहिलेले मात्र निघून जाते. हीच गती लक्षात घेतली तर काल संध्याकाळचे थोडेसे पिणे आज सकाळच्या फुंकरीत दिसणारही नाही, हेही ओळखून असा.

आमच्या घरी यंत्र यजमानांच्या ताब्यात असते आणि वही दोघांची असते. मी ते अचानक त्यांच्यापुढे धरत नाही. एकदा तसे केले होते. त्या रात्री ते जेवले नाहीत. येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी सहचरी गट आहे, तिथे मी हे सगळे मोकळेपणाने बोलू शकले. तुम्हीही एकदा जाऊन पाहा.

सिंहगडरोडवासी

सर्वांचे मनापासून आभार. यजमानांना हा सगळा मजकूर वाचून दाखवला. डापाग्लिफ्लोझिन त्यांना चालू आहे, हे गोळ्यांचे पाकीट पाहिल्यावर लक्षात आले, म्हणून उद्याच डॉक्टरांची वेळ घेतली आहे आणि तोवर उपवास बंद. पंपाचे फ्युएल सेल यंत्र घ्यायचे ठरले आहे. कॅलिब्रेशनची चौकशी ते स्वतः करणार आहेत. वही आज संध्याकाळी आणली आणि पहिल्या पानावर परवाचा 0.02 हा आकडा त्यांनीच लिहिला, त्यापुढे "उपवास, जुने यंत्र" अशी नोंद करून.